कोड नंबर ३७ चे बांगडे

२ जानेवारी, रविवार
नवी वही. पहिल्या पानावर शाईने लिहिलं आहे: या वर्षी सूड घ्यायचा. गेल्या वर्षीही लिहिलं होतं, पण पेन्सिलीने. फरक आहे.

पोटशूळ वगैरे काही नाही. न्यायाचा प्रश्न आहे. एकतीस वर्षं मी मत्स्य-आकडेवारीच्या ऑफिसात बांगडा सांभाळतो. म्हणजे जगातल्या कुठल्या देशाने कुठल्या वर्षी किती टन बांगडा पकडला, त्याचा तक्ता. सुरमई दुसऱ्या टेबलावर आहे, कोळंबीला तर अख्खी खोली दिली आहे. बांगडा माझा. आणि या बांगड्याच्या जिवावर साहेब झाला कोण? ज्याला मी हाताला धरून रकाने आखायला शिकवलं तो.

या वहीत त्याला खेकडा म्हणायचं ठरवलं आहे. तिरका चालतो म्हणून नव्हे, वर चढणाऱ्याला खाली ओढतो म्हणून.

३ जानेवारी
मागच्या पानावर दोन रकाने आखले. डावीकडे 'त्याचे गुन्हे', उजवीकडे 'शिक्षा'. गुन्हे चाळीस झाले. सगळ्यात वर अकरा वर्षांपूर्वीचा अहवाल.

तो शोध माझा होता. कोड नंबर १४ चा बांगडा दरवर्षी घटत होता आणि ३६ चा वाढत होता. (आमच्या टेबलावर देशांना नावं नसतात, कोड असतात.) सगळे म्हणत होते की १४ वाल्यांनी समुद्र ओरबाडून खाल्ला. मी एकटा म्हणालो, मासा तोच आहे. पाणी तापलं म्हणून थंड पाण्याकडे सरकला. १४ च्या हद्दीतून उठला आणि ३६ च्या हद्दीत जाऊन बसला. अहवाल छापून आला तेव्हा कव्हरवर नाव खेकड्याचं. दोन वर्षांनी केबिनही खेकड्याची.

चाळिसावा गुन्हा: आज जिन्यात भेटला तेव्हा आधी त्याने नमस्कार केला. मुद्दाम.

७ जानेवारी
सोमवारपासून अबोला धरला आहे. ऑफिसच्या कामापुरतं बोलायचं, चहा आपल्या टेबलावर घ्यायचा, केबिनमध्ये पाऊल टाकायचं नाही.

आज साडेचारला केबिनमध्ये गेलो. कोणाच्या तरी घरून खारी आली होती. खारीचा आणि अबोल्याचा संबंध नाही.

१६ जानेवारी, रविवार, दुपारी
सुचलं! अंघोळ करताना सुचलं. साबण डोळ्यात गेला तरी हललो नाही.

आमच्या तक्त्याचा एक नियम आहे. तो मीच घालून दिला. ज्या देशाला समुद्र आहे पण ज्याची माहिती आलेली नाही, त्याचा रकाना रिकामा सोडायचा. ज्या देशाला समुद्रच नाही तिथे शून्य लिहायचं. रिकामं म्हणजे ठाऊक नाही. शून्य म्हणजे ठाऊक आहे, आणि काही नाही. नवीन माणूस हमखास इथेच धडपडतो.

कोड नंबर ३७. चहूबाजूंनी डोंगर. सगळ्यात जवळचा समुद्र रेल्वेने दीड दिवसावर. एकतीस वर्षं शून्य.

या वर्षी ३७ वाले बांगडा पकडणार आहेत.

१७ जानेवारी
पकडला. पाच वर्षांचे आकडे घातले: बाराशे, एकोणतीसशे, सत्तेचाळीसशे, अडुसष्टशे, एक्क्याण्णवशे टन. चढता कल. नुसता एक आकडा असता तर टायपिंगची चूक म्हणून सुटला असता. एकूण बेरीज बिघडू नये म्हणून तेवढेच टन वरच्या ओळीतल्या ३६ मधून कापले. ३६ वाले जगात पहिल्या नंबरवर, लाखांत खेळतात. त्यांना काय कळतंय? शिवाय मजकुरात एक परिच्छेद: 'कोड ३७ ने अल्पावधीत साधलेली प्रगती अन्य देशांस अनुकरणीय आहे.'

आता हे खेकडा न वाचता सही करून पुढे पाठवणार. सोळा मार्चच्या परिषदेत देशोदेशीच्या लोकांसमोर स्वतः वाचणार. आणि मी मागच्या रांगेतून उठून अत्यंत नम्रपणे विचारणार, "साहेब, या देशाला समुद्र कुठून आणलात?"

एवढंच. बाकी हॉल बघून घेईल.

२१ जानेवारी
सही झाली! कम्प्युटरवाल्या बाई सांगत होत्या की साहेबांनी फाइल उघडलीसुद्धा नाही. म्हणाले, बांगडा मास्तरांचा आहे ना, मग त्यात बघायचं काय. (मला सगळे मास्तर म्हणतात. शिकवलं आहे ना सगळ्यांना.)

आळशी माणूस. गुन्हा एकेचाळिसावा.

३० जानेवारी, रविवार
आरशासमोर वाक्याची तालीम. 'समुद्र'वर जोर द्यावा की 'कुठून'वर? 'कुठून'वर दिला तर जास्त झोंबतं. ही विचारत होती की कोणाशी भांडताय. आवाजाचा व्यायाम, असं सांगितलं. ती म्हणाली की मग जरा हळू करा, खालच्या मजल्यावरच्यांनी पाणी येत नाहीय का म्हणून विचारलं.

हिला अजून काही सांगितलेलं नाही. बायकांच्या पोटात काही राहत नाही. (आज मीच जवळजवळ सांगून टाकलं होतं, पण कुकरची शिट्टी झाली.)

८ फेब्रुवारी
जेवताना सहज अकरा वर्षांपूर्वीच्या अहवालाचा विषय काढला. म्हटलं, कशी माझी मेहनत लाटली. ही भाजी वाढता वाढता म्हणाली की लाटली कुठे, तुम्हीच तर नाव नको म्हणाला होता. दोन रात्री झोपला नव्हता. सगळं जग एकीकडे आणि आपण एकीकडे, मासा सरकला नसेल तर मान कोण देणार, असं म्हणत येरझाऱ्या घालत होता. शेवटी तो बिचारा म्हणाला की मास्तर, माझं नाव घाला, मी देतो मान.

हिची स्मरणशक्ती अलीकडे फारच कमजोर झाली आहे. भिजवलेले बदाम द्यायला हवेत.

मी एवढंच म्हणालो होतो की जरा थांबू. थांबू म्हणजे नको नव्हे.

१८ फेब्रुवारी
अहवाल छापखान्यात गेला. तीनशे प्रती. आता ब्रह्मदेव आला तरी ३७ चे बांगडे पाण्यात परत जात नाहीत.

आज खेकडा खोकत होता. वाईट वाटलं नाही. लवंग दिली ती पडून होती म्हणून.

२५ फेब्रुवारी, संध्याकाळी


तीन वाजता केबिनमध्ये बोलावणं आलं. गेलो. खुर्ची दिली. म्हणाला की मास्तर, ऑगस्टमध्ये तुम्ही निवृत्त होताय. या वर्षीच्या अहवालाच्या कव्हरवर फक्त तुमचं नाव टाकायला सांगितलं आहे. आणि परिषदेत वाचायचाही तुम्हीच. एकतीस वर्षं ज्याने बांगडा मोजला त्याचं तोंड एकदा तरी लोकांना दिसू दे.

मी म्हणालो, बरं.

दुसरं काय म्हणणार?

२५ फेब्रुवारी, नंतर
हा डाव आहे. त्याला कळलं आहे. अगदी चोराच्या मनात चांदणं. नाहीतर ऐन वेळी एवढं प्रेम कशाला उतू जातंय?

की कळलेलं नाही? नसेल तर आणखी वाईट. ज्याला काही कळत नाही अशा माणसाचा सूड घ्यायचा म्हणजे ओंडक्यावर लाथ मारण्यासारखं आहे. आपलाच पाय दुखतो.

बेचाळिसावा गुन्हा लिहायला घेतला: 'माझं नाव कव्हरवर टाकलं.' लिहून झाल्यावर बरं दिसेना. पण शाईने लिहिलं आहे, राहू दे.

२८ फेब्रुवारी
सोपा उपाय: जाऊन सांगायचं की साहेब, एक आकडा चुकला आहे. दोन मिनिटांचं काम.

अकरा वाजता केबिनच्या दारापर्यंत गेलो. फोनवर होता. बारा वाजता पुन्हा गेलो. फोनवर नव्हता, म्हणून परत आलो. चार वाजता आत शिरलो आणि खोकला कसा आहे ते विचारलं. म्हणाला की लवंगेने गेला. पुन्हा बाहेर.

का सांगावं मी? चूक नाहीच आहे ती. सापळा आहे. सापळ्याला चूक म्हणणं म्हणजे स्वतःच्या कलेचा अपमान.

१ मार्च
छापखान्यात जाऊन आलो. चार नंबरचा तक्ता, म्हणजे आपला ३७ वाला, छापून, बांधून तयार. कव्हरवर माझं नाव. ठळक. मध्यभागी. पाच मिनिटं नुसता बघत उभा राहिलो. छापखानेवाला म्हणाला की कोणी वारलं आहे का.

एक पान बदलता येईल का, असं विचारलं. येईल म्हणाला, साहेबांची चिठ्ठी आणा. चिठ्ठीशिवाय नाही का होणार? नाही. मग गळ घातली की निदान सगळ्या प्रती माझ्या घरी पाठवा, शेवटची नजर टाकतो. त्याला जागा मोकळी हवीच होती. हो म्हणाला.

ऑफिसातल्या कोणाचीच मदत न घेता मार्ग काढला. यालाच अनुभव म्हणतात.

६ मार्च, रविवार, संध्याकाळी
योजना: पांढऱ्या कागदाच्या बारीक पट्ट्या कापायच्या आणि ३७ च्या ओळीवर डकवायच्या. सोबत अनुकरणीय प्रगतीच्या परिच्छेदावर एक रुंद पट्टी. तीनशे गुणिले दोन. तक्त्यातल्या बेरजेत नऊ हजार टन कमी पडतील, पण परिषदेत चहाच्या आधी बेरीज कोण करतो?

हिला मदतीला घेतलं. प्रुफाची चूक आहे, असं सांगितलं. ती म्हणाली की मग साहेबांना सांगा ना. मी म्हटलं, जीव गेला तरी नाही. तिने एकदा बघितलं आणि खळ करायला आत गेली.

पहिल्या प्रतीवर मी पट्टी लावून नमुना दिला. त्याबरहुकूम तिने दीडशे, मी दीडशे. दोन रविवारचं काम एका रविवारात उरकलं! पाठीचा काटा मोडला आहे, पण मन हलकं आहे. सुंठीवाचून खोकला गेला.

६ मार्च, जेवणानंतर
किरकोळ नोंद. माझा चष्मा ऑफिसात राहिला आहे, हे आत्ता लक्षात आलं. दिवसभर हिचा लावून बसलो होतो. आणि ही बिनचष्म्याची. तरीच दोघांचं कपाळ दुखतंय.

प्रती दोरीने बांधून दाराशी ठेवल्या आहेत. आता सोडून बघायचा कंटाळा. एकतीस वर्षं ज्या ओळी रोज बघतो त्या मी डोळे मिटूनही सांगेन.

१५ मार्च
उद्या. कोटाला इस्त्री केली. भाषण पाठ.

दुपारी कानावर आलं की या वर्षी ३७ चाही माणूस येणार आहे. एकतीस वर्षांत कधी आला नाही. त्यांच्याकडे आता डबाबंद बांगड्याचा कारखाना निघाला आहे म्हणे, मासा विकत घेतात. यायचं ते याच वर्षी.

येऊ दे. पट्टी आहे.

१६ मार्च, संध्याकाळी
क्रमाने लिहितो.

साडेदहाला माझं नाव पुकारलं. टाळ्या. खेकडा पहिल्या रांगेत, सगळ्यात जोरात वाजवत होता. प्रती प्रत्येकाच्या हातात. मी सुरुवात चांगली केली. १४ मधली घट, तापतं पाणी, सरकणारा बांगडा. लोक माना डोलवत होते. आयुष्यात पहिल्यांदा वाटलं की हे सगळं अकरा वर्षांपूर्वीच माझ्या तोंडून व्हायला हवं होतं. मी का नाही उभा राहिलो, असं क्षणभर वाटलं. लगेच सावरलो.

मग पडद्यावर वाढीच्या टक्क्यांचा आलेख आला.

पडद्याचा विचारच केला नव्हता. कम्प्युटरवाल्या बाईंनी तो मूळ फाइलवरून केला होता. हिरवी रेघ, सगळ्यांत उभी चढणारी, कोड ३७. बाईंनी वर कौतुकाने बाणही काढला होता.

मागून एक गृहस्थ उठले. जाडजूड, चेहरा अत्यंत सज्जन. म्हणाले की मी ३७ मधून आलो आहे. हॉलकडे बघून, अत्यंत नम्रपणे, त्यांनी विचारलं, "आमच्या देशाला हा समुद्र कुठून आणलात?"

'कुठून'वर जोर होता. खरंच जास्त झोंबतं.

हॉल हसला. मी म्हणालो की पडद्यावर तांत्रिक बिघाड आहे, कृपया हातातली प्रत बघावी. सगळ्यांनी तक्ता चार उघडला. त्यावर दुसऱ्या रांगेतून ३६ च्या बाई उठल्या. म्हणाल्या की प्रतीतही ३७ आहेच, पाची वर्षांच्या आकड्यांसह. जगात सगळ्यात जास्त बांगडा पकडणारा आमचा देश मात्र गायब आहे. आमच्या जागी एक चिकटवलेला कागद आहे. त्यांनी नखाने पट्टी थोडी उचलून दाखवली. खळ पातळ झाली होती वाटतं.

तीनशे प्रती. तीनशेच्या तीनशे प्रतींत एक ओळ वर लागली होती.

 मी पाण्याचा ग्लास उचलला. रिकामा. तोपर्यंत खेकडा मंचावर आलेला. माईक घेतला आणि शांतपणे म्हणाला, "हा आकडा माझ्या टेबलावरून गेला आहे. सही माझी आहे, चूक माझी आहे. मास्तरांचा आकडा एकतीस वर्षांत चुकलेला नाही."

पुढच्या भाषणाला सुरुवातही झाली. लोकांनी पानं उलटली.

जेवणात बांगडा होता. मला बांगडा सोसत नाही, अंगावर गांध्या उठतात. एकतीस वर्षं मोजला, एकदाही चाखला नाही. आज रागाने दोन खाल्ले. मान, कान, पापण्या सुजल्या. खेकड्याने स्वतःच्या गाडीने घरी पाठवलं. दार लावता लावता खाली वाकला आणि कोणी ऐकू नये एवढ्या हळू म्हणाला, "मास्तर, समुद्र नसेल तिथे शून्य. पहिल्या आठवड्यात तुम्हीच शिकवलंत."

बस, एवढंच. का, कशासाठी, काही विचारलं नाही.

१७ मार्च
रजा. गांध्या.

म्हणजे त्याला ठाऊक होतं. निदान काल मंचावर चढताना तरी. सापळा कोणासाठी होता तेही ठाऊक असणार. आणि तरी जाऊन पाय घातला. माणसाने मुद्दाम पाय घातलेल्या सापळ्याला काय म्हणायचं?

संताप होतो आहे. गुन्हा त्रेचाळिसावा, आजवरचा सगळ्यात मोठा: अकरा वर्षांपूर्वी माझा अहवाल नेला, आता माझी चूकही स्वतःच्या नावावर करून घेतली. माझं म्हणून काही ठेवणार आहे की नाही?

२२ मार्च
कामावर गेलो. टोमणे ऐकायची तयारी होती. उलट लोकांनी चहा आणून दिला. कम्प्युटरवाल्या बाई म्हणाल्या की साहेबांमुळे तुम्हाला किती त्रास. वरून त्यांच्याकडे लेखी खुलासा मागितला आहे, पुढच्या बढतीचंही आता कठीणच दिसतं.

हाच तर सूड! हेच हवं होतं ना? घरी आल्यावर उजव्या रकान्यात 'बढती बुडाली' असं लिहायला पेन उघडलं. शाई वाळली होती. झटकलं, तरी उमटेना. दुसरं पेन घरात होतं, पण आता उठायचा कंटाळा आला.

३१ मार्च
शुद्धिपत्रं छापून आली. तीनशे. परिषदेत वाटलेल्या प्रती परत मागवल्या आहेत, त्या प्रत्येकीत एक लावायचं आहे. 'तक्ता क्र. ४ मधील कोड ३६ व ३७ संदर्भातील चूक माझी आहे.' खाली त्याची सही. कव्हरवर माझं नाव आहे हे खरं, पण आता प्रत उघडली की आधी हा कागद दिसणार आणि लोक तोच वाचणार.

सगळं घरी आणलं. या वेळी चष्मा आठवणीने आणला. ही आणि मी समोरासमोर बसून लावत होतो. शंभरेक झाल्यावर ती म्हणाली, "तेव्हाही त्यानेच मान दिली होती."

बदाम सुरू केल्यापासून हिची स्मरणशक्ती सुधारली आहे.

 खळ संपली असं म्हणून उठलो. संपली नव्हती.

नव्या वर्षाचा कोरा तक्ता काढला. कोड ३७ समोर शून्य लिहिलं. मग ही वही काढली. मागच्या पानावर साहेबांचे त्रेचाळीस गुन्हे, एकाखाली एक, शाईने. उजवा रकाना अजून कोराच. त्यात शून्य घालायचं की तो रिकामा सोडायचा, यावर पाऊण तास गेला. शून्य घातलं तर ठाऊक आहे असं होईल. तेवढं धैर्य आज नाही.

रिकामा सोडला. माहिती उपलब्ध नाही.